सुलोचनाचा चमचा

परवा सून बाजारातून आइस्क्रीम काढायचे तीन चमचे घेऊन आली आणि टेबलावर मांडून म्हणाली, "आई, यातला एक पसंत करा, बाकीचे परत द्यायचेत." मी चष्मा लावला आणि एकेक हातात घेऊन बघायला लागले. पहिला इतका हलका की घट्ट आइस्क्रीममध्ये घातला तर तोच वाकायचा. दुसऱ्याची मूठ प्लास्टिकची, गुळगुळीत, ओल्या हातातून सटकन सुटणारी. तिसरा खटक्याचा होता. वाटीच्या आत एक पातळ पाती आणि मुठीच्या बाजूला अंगठ्यानं दाबायची पट्टी. पट्टी दाबली की पाती सरकते आणि गोळा सुटतो. सुनेनं तो उचलून उगाच दाबून दाखवला. कट.

मी म्हटलं, "हा नको."

"का हो? हाच तर सगळ्यांत छान आहे."

"आवाज करतो," मी म्हटलं. ती हसली. म्हातारपणी माणसाला कशाचीही अडचण होते असं तिला वाटलं असणार. वाटू दे.

तशी मी या बाबतीत फार चिकित्सक आहे. चमच्याची वाटी फार खोल नसावी, नाहीतर गोळा आत धरून बसतो. कड पातळ हवी, पण बोट कापेल अशी नको. मूठ जाड आणि सरळ हवी, कारण आइस्क्रीम काढताना जोर बोटांचा लागत नाही, मनगटाचा लागतो. आणि चमचा कुठल्या हातासाठी केलाय ते बघावं. हे शेवटचं कुणीच बघत नाही, ती गरज फक्त आम्हा डावऱ्यांना. खटक्याची पट्टी उजव्या अंगठ्याच्या बेतानं बसवलेली असते. डाव्या हातानं ती दाबायची तर अंगठा मुठीवरून पलीकडं न्यावा लागतो, आणि चार गोळे काढले की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मी तसला चमचा कैक उन्हाळे वापरलाय, तेव्हा या विषयात मला कुणी शिकवू नये.

उन्हाळा आला की मला अजून दौंडचा वास येतो. ओल्या गोणपाटाचा, बर्फावर टाकलेल्या लाकडाच्या भुश्याचा, पाडाच्या आंब्यांचा, आणि या सगळ्यावर बसलेल्या इंजिनाच्या धुराचा. दोरीवर पांढरं लुगडं वाळत घातलं तर संध्याकाळी त्यावर कोळशाचे बारीक कण मिळायचे. दुपारी रेल्वेच्या क्वार्टरांवरचे पत्रे तापून तडतडायचे. दूर यार्डात डबे जोडताना धाड धाड आवाज व्हायचा, आणि तो थांबला की अशी शांतता पडायची की आपल्याच घरात आपण चोरपावलांनी चालावं. लोक रात्रीला घाबरतात. मी टळटळीत दुपारीला घाबरते, आणि ते भय मी दौंडमध्ये शिकले.

मी मूळची शिरूरची. मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकले आणि तिथंच बालवर्गाला शिकवायला लागले. माझ्या डाव्या हातानं माझ्या आईला फार रडवलं. लहानपणी तिनं त्याला फडकं बांधून बघितलं. बाईंनी पट्ट्या मारल्या. चर्चमध्ये चार बायका जमल्या की माझ्या लग्नाच्या आधी माझ्या हाताची चर्चा व्हायची. चोविसावं लागलं तरी कुणी विचारायला आलं नाही, तेव्हा मीसुद्धा मनातून तो विषय मिटवून टाकला होता.

आणि मग दौंडहून मागणी आली. नवरा मुलगा शांतवन, मालगाडीवर गार्ड. पहिली बायको, सुलोचना, आदल्या पावसाळ्यात वारलेली. पदरात सहा वर्षांची मुलगी, सुमन. बघायला त्याची आई आली होती. तिनं मला आधीच बघितलंय असं कळलं, शिरूरच्या कुणाच्या तरी लग्नात. त्या लग्नात मिशनच्या मॅडमनी आइस्क्रीम दिलं होतं आणि वाढायला मी उभी होते, हातात पळी घेऊन.

त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की गीत म्हणायला लावलं नाही. म्हणाल्या, "जरा लिंबू कापून सरबत कर बाय." झालं, आता ही उठून जाणार, असं मला वाटलं. भीत भीत मी डाव्या हातात सुरी घेतली. आईचा चेहरा उतरला. सासूबाई मात्र सुरीकडं बघत राहिल्या. सरबत त्यांनी तोंडालाही लावलं नाही. म्हणाल्या, "मुलगी पसंत हाय." त्या दिवशी आईनं देवाचे किती उपकार मानले ते काय सांगू. एवढ्या मोठ्या मनाची सासू मिळाली म्हणून ती सगळ्या आळीला सांगत सुटली.

फेब्रुवारीत लग्न झालं. दौंडच्या घरात माणसं चारच, आणि त्यातला नवरा बराच वेळ गाडीवर. सुमी माझ्याजवळ येत नसे. दाराआड उभी राहून बघायची. तोंडाकडं बघत नसे, हाताकडं बघायची. ती जेवत नव्हती, हे त्या घरातलं खरं दुखणं होतं. दोन घास खाल्ले की तिसरा गालात धरून बसायची. मनगटं काडीएवढी झाली होती. डॉक्टर म्हणायचे, पोटात काही नाही, मनात आहे. मी गोष्टी सांगितल्या, रागावले, थापटलं, काही उपयोग झाला नाही.

सासूबाई शांत होत्या. "व्हईल नीट," म्हणायच्या. "उन्हाळा यिऊ दे. उन्हाळ्यात वळखंल ती तुला."

ओळखेल म्हणजे ओळख होईल, असा मी अर्थ घेतला. दुसरा कुठला घेणार?

मे महिन्यातला पहिला रविवार. चर्च सुटल्यावर नवऱ्यानं स्टेशनाजवळून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळलेली, थेंब थेंब गळणारी. या घरात उन्हाळ्यातल्या रविवारी आइस्क्रीम व्हायचं, हा सुलोचनानं पाडलेला रिवाज. लाकडी बादलीत डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, आणि वर फिरवायचा दांडा. नवरा मोगरीनं बर्फ फोडत होता, मी दांडा फिरवत होते. तेवढ्यात सासूबाईंनी मला आत बोलावलं. खाटेवर एक निळ्या चौकडीचं पातळ काढून ठेवलं होतं. "ह्ये नेस. धुतलेलं हाय." मी नेसले. मग त्यांनी पेटीतून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली एक वस्तू काढली. खटक्याचा चमचा. स्टेशनावरच्या खानावळीचं जुनं सामान विकायला निघालं तेव्हा नवऱ्यानं तो सुलोचनासाठी आणला होता.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला बसंल."

बसला. डाव्या हातात घेतला आणि अंगठा आपसूक पट्टीवर गेला, कारण ती पट्टी मुळातली नव्हती राहिली. कुणीतरी वर्षानुवर्षं डाव्या अंगठ्यानं दाबून दाबून ती अलीकडं वाकवली होती. पट्टीच्या टोकाला अंगठ्याएवढा खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात नेमका मावला. मला आधी बरं वाटलं, आणि मग का कोण जाणे, चमचा खाली ठेवावासा वाटला.

मला खिडकीजवळच्या पाटावर बसवलं. नवऱ्यानं उपकारस्तुती केली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी मधेच डोळे उघडले तर समोर सुमीचे डोळे सताड उघडे, आणि ती माझ्या डाव्या हाताकडं बघत होती. आमेन झालं. मी डब्यात चमचा घातला, मनगट फिरवलं, वाटीवर आणून पट्टी दाबली. कट. पिवळाधमक गोळा वाटीत पडला.

सुमी उठली. सरळ माझ्याकडं आली आणि माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसली, आधी शंभर वेळा बसली असावी अशी. तिनं एक वाटी संपवली. दुसरी संपवली. मग वाटी पुढं करून म्हणाली, "आई, अजून."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नवरा उठून बाहेर गेला. आणि मी? मला आभाळ ठेंगणं झालं होतं. ज्या हाताचा आयुष्यभर उद्धार झाला त्याच हातानं मी पोर जिंकली असं मला वाटलं.

त्यानंतर सुमी माझ्या हातून जेवायला लागली. भाकरी, आमटी, काहीही. आई आई करून पाठीमागं फिरायची. सासूबाई मला कधी कधी "सुले" म्हणायच्या. जुनी सवय, मी मनाशी म्हणायची. सुलोचना त्यांच्या मैत्रिणीची मुलगी. मैत्रीण वारली तेव्हा तीन वर्षांच्या त्या पोरीला सासूबाईंनी घरी आणलं, वाढवलं आणि पुढं सून करून घेतलं. इतक्या वर्षांचं नाव जिभेवरून कसं जाईल? पण हळूहळू ते नुसतं नावावर राहिलं नाही. माझी वेणी त्या घालायला लागल्या, त्यांच्या पद्धतीनं, मानेवर खाली अंबाडा. मला कुठल्या कुशीवर झोप लागते ते त्या मला सांगायच्या. एके दिवशी पानात सगळ्यांना भरलं वांगं, मला बटाटा. म्हणाल्या, "तुला वांगं सोसत न्हाई ना." मला वांगं जिवापाड आवडतं. पण नव्या सुनेनं वाद घालायचा नसतो. मी बटाटा खाल्ला, आणि रात्री खरंच वाटून गेलं की आपल्याला वांगं सोसत नसेल कदाचित.

मग ती दुपार आली. सगळं दौंड दारं लोटून पडलं होतं. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं, आत अंधारा गारवा. शेजारच्या खोलीत सासूबाई पडल्या पडल्या वाळ्याच्या पंख्यानं वारा घेत होत्या, त्याचा सरसर आवाज येत होता. आणि स्वयंपाकघरातून आलं, कट. थोडा वेळ काही नाही. पुन्हा कट.

मी उठून गेले. सुमी टेबलाखाली बसली होती, मांडीवर चमचा.

"काय करतीस गं?"

"तुला बोलावते."

"मग हाक मारायची."

"हाक मारली तर येत नव्हतीस तवा. आजी म्हनली, ह्ये वाजव, ह्ये ऐकून येईल. मी पावसाळाभर वाजवलं, नाताळात बी वाजवलं." तिनं माझ्याकडं वर बघितलं. "मग तू आलीस."

मी तिच्यापाशी खाली बसले. तिनं माझी हनुवटी बोटानं चाचपली आणि जरा मोठ्यांदा विचारलं, "तुझा हितला तीळ कुठं गेला? दवाखान्यात काढला व्हय?"

शेजारच्या खोलीतला पंखा थांबला.

लिंबू, सुरी, निळं पातळ, पाट, अंबाडा, बटाटा, सगळं एका क्षणात एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी कमल म्हणून या घरात आलेच नव्हते. मला बोलावून घेतलं होतं ते दुसरीला परत आणायला. आणि ती परत आली होती, माझ्या अंगात नव्हे, माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी नवरा ड्यूटीवरून आला. मागच्या दाराशी तोंड धूत होता, तिथंच मी त्याला गाठलं.

"सुमीला तुम्ही काय सांगितलंय?"

तो बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. मग म्हणाला, "आईनं सांगितलं. तुझी आई लांबच्या दवाखान्यात हाय, बरी हून येईल. आजारानं तोंड बदलतं, पण हात बदलत न्हाई."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"पोर जेवत नव्हती, कमल. आन् आईला कोण सांगणार? सुलूची मयताची पेटी दवाखान्यातनं घरी आली तवा आई दार लावून बसली. तिनं बघितलं न्हाई. कबरस्तानात आली न्हाई. तिच्या लेखी सुलू दवाखान्यातच हाय." त्यानं टॉवेल तोंडावर धरला. "मला वाटलं, पुढं कवातरी सांगू."

मला त्याचा राग आला होता. पण टॉवेलाआडून तो बाहेर येईना, तेव्हा मी आत निघून आले.

माझं दुखणं सरळ होतं. त्या पोरीनं मला आई म्हणावं एवढंच मला हवं होतं, आणि ती म्हणत होती. फक्त मला म्हणत नव्हती. खरं सांगावं तर ती परत घास गालात धरून बसणार. न सांगावं तर मी जन्मभर एका मेलेल्या बाईचा हात होऊन राहणार. चमच्याचा आवाज मला नकोसा झाला होता. एका दुपारी सुमी माझ्या मांडीवर झोपली होती, सासूबाई शेजारणीकडं गेल्या होत्या, चमचा पेटीत, पेटीला कडी. आणि आतून आलं, कट. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, पत्रा तापतो, त्याचा आवाज असंल. असेल. मला त्या आवाजाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती याची, की आवाज ऐकताच माझ्या तोंडातून "ओ" निघून गेली होती.

मी चार दिवस माहेरी जाते म्हणून सांगितलं. एस.टी. धुळीतून निघाली. शेजारी मांडवगण फराटा गावची एक बाई बसली होती, मांडीवर कोंबडी. तिनं माझं सगळं विचारून घेतलं, सासर कुठलं, पोरंबाळं किती. मग म्हणाली, "आन् नाव काय म्हनायचं तुमचं?" मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून "सु" बाहेर पडला. मी ओठ दाबून धरले. मग माझं नाव आठवून सांगितलं. आठवून सांगावं लागलं, हे मी त्या दिवशी आईलाही बोलले नाही. त्या बाईनं कोंबडी मात्र दुसऱ्या मांडीवर घेतली, माझ्यापासून लांब.

शिरूरला मिशनच्या मॅडम कायमच्या त्यांच्या देशाला निघाल्या होत्या. बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांचं सामान मांडलं होतं, ज्याला हवं त्यानं न्यावं म्हणून. आई कपबशा बघत होती. मला दिसले दोन चमचे. एक खटक्याचा, चकचकीत. मी त्याला हात लावला नाही. दुसरा नुसता एका ओतीव धातूचा होता, जाड मुठीचा, ना पाती ना पट्टी. असा ठोंब्या चमचा कोण घेणार असं वाटून मी तो उचलला. जड होता, पण जडपणा हातात नीट बसणारा. मी तो डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, परत डाव्यात घेतला. दोन्हीकडं सारखाच.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांचं मराठी पुस्तकासारखं. "कमल, हा तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "याला उजवे-डावे नाही. याची मूठ पोकळ आहे, आत पातळ द्रव आहे. तुमच्या हाताची ऊब त्यातून वाटीपर्यंत जाते आणि गोळा आपोआप सुटतो. मात्र थोडा वेळ धरून बसावे लागते. गार हाताला हा दाद देत नाही."

मी तो मुठीत धरून उभी राहिले. हळूहळू वाटीची कड कोमट झाली. सुलोचनाच्या चमच्याला सवय लागत होती, आणि सवय काय, कुणाच्याही अंगात शिरते. याला ऊब लागत होती. मला तो चमचा इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं मी त्यांच्यासाठी रडतेय. त्यांनी मला जवळ घेतलं, आणि मग मी थोडी त्यांच्यासाठीही रडले.

दौंडला परत आले तो शनिवार होता. रविवारी मी माझं पिवळं पातळ नेसले, अंबाडा वर घातला. बर्फ आला, दांडा फिरला. सगळे बसले.

"तुझा चमचा कुठाय, सुले?" सासूबाईंनी विचारलं.

"तो पेटीत आहे, आई. आज हा."

उपकारस्तुतीच्या वेळी मी नवा चमचा मुठीत घट्ट धरून ठेवला. देवाशी काय बोलले ते माझं मला माहीत. आमेन झालं, मी गोळा काढला, आणि तो काही न बोलता वाटीत उतरला. सुमीनं वाटी घेतली. तिनं वाटीकडं बघितलं, आजीकडं बघितलं, आणि वाटी तशीच ठेवून मागच्या दारानं निघून गेली. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या. वाटीतलं आइस्क्रीम कडेनं वितळायला लागलं.

मी मागं गेले. परसात एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी सुमी बसली होती. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. मी तिच्यासमोर बसले आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. "सुमे, मी तुझी आई नाही. तुझी आई देवाघरी गेली. माझं नाव कमल आहे. डावा हात आहे म्हणून मी ती होत नाही."

तिनं काडीनं मातीत एक रेघ ओढली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आई कबरस्तानात हाय. बाबा फुलं ठिवायला जातात तवा मी मागनं जाऊन बघितलं. दगडावर पहिलं अक्षर सु हाय. माझ्या नावातलं."

"मग तू मला आई का म्हणतीस? तो चमचा का वाजवतीस? तिळाचं का विचारलंस?"

"आजी ऐकत असती ना," ती म्हणाली. "तू आल्यापास्नं आजी रडत न्हाई. आधी लई रडायची. मी जेवले तरी रडायची, न्हाई जेवले तरी रडायची." मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावर मोठ्या बायकांसारखी काळजी होती. "आज चमचा वाजला न्हाई. आता तिला कळंल. तू तिला सांगू नको."

आम्ही तीन मोठी माणसं, आणि घर तोलून धरलं होतं त्या पोरीनं, काडीएवढ्या मनगटांनी. आणि मी तिच्याकडून आई म्हणवून घ्यायला आसुसले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही. मी तिला उचलून घेतलं. तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली, पहिल्यांदाच अशी पूर्ण टाकली, आणि कानात विचारलं, "मग तुला काय म्हनू?" मी म्हटलं, "तुला येईल ते म्हण." थोडा विचार करून ती म्हणाली, "कमलआई. पन हळू."

मी आत आले. पेटी उघडली, फ्लॅनेल सोडलं, चमचा डाव्या हातात घेतला आणि सासूबाईंच्या दाराशी उभी राहून पट्टी दाबली. कट. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पंख्याची सरसर सुरू झाली.

तेव्हापासून आमच्या घरात दोन चमचे नांदले. रविवारी सगळ्यांसमोर सुलोचनाचा. निळं पातळ, खिडकीजवळचा पाट, आणि "सुले" म्हटलं की "ओ". मधल्या वारी कधी थोडा बर्फ मिळाला, तर स्वयंपाकघराचं दार लोटून मी आणि सुमी मॅडमचा चमचा काढायचो. मी तो मुठीत धरून बसायची आणि सुमी वाटीच्या कडेला बोट लावून बघायची, कोमट झाली का. सासूबाई कुणाकडं गेल्या की आम्ही वांगं करायचो, आणि पाणी टाकून फोडणीचा वास घालवायचो. कधी कधी फार हसायचो. अंगठ्याच्या मुळाशी मला कायमचा घट्टा पडला. सुलोचनालाही होता म्हणे, नवरा एकदा सांगून गेला, आणि मग सांगितलं म्हणून ओशाळला.

लोक विचारतील, एवढं सोंग कशाला? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भुताची गोष्ट सांगताना लोक म्हणतात, ते झपाटतं, मान मोडतं. माझा अनुभव निराळा आहे. भूत घरात राहतं ते कुणीतरी त्याला जागा देतं म्हणून. आम्ही तिला रविवारची जागा दिली होती. कधी कधी गोळा काढताना मला वाटायचं की मनगट मी फिरवत नाही, आणि मी ते फिरू द्यायची. तिच्या लेकीचं आईपण मी घेतलं होतं. बदल्यात आठवड्यातून एक दुपार हात दिला तर काय बिघडलं? पण हेही खरं की सोमवारी सकाळी आरशासमोर उभी राहून मी माझं नाव एकदा मोठ्यानं म्हणायची. ते म्हटल्याशिवाय मला कामाला लागवत नसे.

सासूबाईंचा खरोखर विश्वास होता का, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मला कमल कधीच म्हटलं नाही. तिळाबद्दलही पुन्हा कधी काही निघालं नाही.

त्या गेल्या तो उन्हाळा असाच होता, वाऱ्याची झुळूक नसलेला. सुमी नर्सिंग शिकायला पुण्याला होती, नवरा गाडीवर. दोन दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. दुपारी त्या म्हणाल्या, "सुले, आइस्क्रीम दे गं." मी धावपळ करून बर्फ मिळवला, थोडंसंच केलं, आणि त्यांच्या खाटेशी वाटी धरून खटक्याच्या चमच्यानं लिंबाएवढा गोळा काढला. कट. त्यांनी चाटल्यासारखं केलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली आणि तिथं ठरली.

"सुले," त्या म्हणाल्या, माझ्याकडं न बघता, "जा आता तू. लई दिस थांबलीस माझ्यापायी."

मागं कुणी नव्हतं. तरी मी खाटेला चिकटून बाजूला सरकले, अरुंद खोलीत कुणाला जायला वाट द्यावी तशी. दार लोटलेलं होतं, तसंच राहिलं. सासूबाई बराच वेळ दाराकडं बघत होत्या. मग त्यांनी डोळे वळवून माझ्याकडं बघितलं, चमच्यावरचा माझा अंगठा आपल्या हातात घेतला, आणि घट्ट्यावरून बोट फिरवलं.

"कमल," त्या म्हणाल्या, "तू बस हितं."

अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि बसले.